मागच्या दोरीच्या एस्तेरबाई

मँचेस्टरच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात सगळे पावसाबद्दल बोलत. दुकानात, पोस्टात, बसस्टॉपवर विषय तोच. एस्तेरबाई साळवे मात्र वाऱ्याबद्दल बोलत. सकाळी दार उघडलं की त्या आधी समोरच्या अंगणात वाळत घातलेले कपडे बघत. शर्टाच्या बाह्या कुठल्या बाजूला उडताहेत, चादर फुगते आहे की नुसती हलते आहे, हे पाहून झालं की मग दुधाची बाटली आत घेत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "पावसानं माणूस भिजतो रे. वाऱ्यानं पडतो."

त्या असं का म्हणतात हे कळायला मला आठ महिने लागले.

त्या गावात मी राहायला गेलो ते भाडं कमी होतं म्हणून. युनिव्हर्सिटी बसने चाळीस मिनिटांवर होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि शिष्यवृत्ती मिळाली होती. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील राहुरीजवळच्या एका शाळेत शिपाई. त्यामुळे कुठे काय विचारायचं हे मला बरेचदा ठाऊक नसे, आणि ठाऊक असलं तरी तोंडातून शब्द फुटत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

पहिल्याच आठवड्यात मी चर्चसमोरच्या लाल फोनबूथमधून आईशी बोलत होतो. लाइन खराब होती, म्हणून ओरडत होतो. आता बरं वाटतंय म्हणून आईने रक्तदाबाची गोळी बंद केली होती आणि मी तिला रागावत होतो. बाहेर आलो तर दाराशी एक ठेंगणी, सावळी, पांढऱ्या आखूड केसांची बाई उभी. अंगात जाड कोट, हातात बटाट्यांची पिशवी. त्यांना फोन करायचा असेल असं समजून मी 'सॉरी' म्हणत बाजूला झालो.

"आईला म्हणावं, बरं वाटतंय ते गोळीमुळंच," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "सकाळची आहे का रात्रीची?"

मी इतका गडबडलो की "सकाळची" एवढंच म्हणालो.

"मग उद्या परत फोन कर, आणि घेतली का विचार. घेतली म्हणाली तर विचार, कशासोबत घेतली. खोटं बोलणारी तिथं अडकते."

मग त्यांनी माझं गाव विचारलं. आडनाव विचारलं नाही. परदेशात भेटणारी आपली माणसं आधी आडनाव विचारतात, आणि ते ऐकल्यावर काहींच्या चेहऱ्यावर जो बदल होतो त्याची मला सवय होती. एस्तेरबाईंनी ते शेवटपर्यंत विचारलं नाही. राहुरी म्हटल्यावर त्या रस्त्यातच हसल्या. त्या नगरच्या. जिल्हा एक निघाला.

नगरच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी नर्सिंग केलं होतं, आणि चोविसाव्या वर्षी त्या इंग्लंडला आल्या. काही वर्षं मोठ्या इस्पितळात काढून त्या या खोऱ्यात डिस्ट्रिक्ट नर्स झाल्या. आधी सायकलवर आणि नंतर एका छोट्या गाडीतून, बाळंतपणं करत आणि आजाऱ्यांना बघत, घरोघरी हिंडल्या. लग्न केलं नाही. गाव त्यांना 'सिस्टर' म्हणे. त्यांची मराठी चाळीस वर्षं डब्यात झाकून ठेवल्यासारखी जुनी होती, आणि मध्येच त्यात इथलं 'लव्ह' येऊन बसे. मला त्या कधी 'पोरा' म्हणत, कधी 'लव्ह', आणि फार रागावल्या तर 'पोरा लव्ह'.

मी सुरुवातीला त्यांना मावशी म्हणालो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मावशी नको. दवाखान्यात आयांना मावशी म्हणतात. मी सिस्टर होते." मग म्हणाल्या, "बाई म्हण. शाळेतल्या बाईंना म्हणतोस तसं." तेव्हापासून मी बाई म्हणू लागलो.

रविवारी दुपारी त्या मला जेवायला बोलवत. भात, आमटी आणि इथल्या कोबीची भाजी. जेवताना त्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळख करून देत, पण नावाने नाही. हा पंधरा तासांच्या कळांचा. ही वेळेआधीची, बुटाच्या खोक्यात मावेल एवढी होती. तो टोपीवाला, त्याच्या बापाचे डोळे मी मिटले. ऐकताना मला संकोच वाटे. त्यांना वाटत नसे. "अरे, माणूस येतो आणि जातो तेव्हाच खरा दिसतो. मधलं सगळं कपडे."

आता वाऱ्याचं सांगतो. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी पेंटेकॉस्टचा सण येतो, त्यानंतरच्या शुक्रवारी, मे-जूनच्या सुमारास, त्या गावात चर्चची मिरवणूक निघे. आसपासच्या सगळ्याच गावांत निघे, आणि लोक तिला नुसतं 'वॉक' म्हणत. पुढे पितळी वाद्यांचा बँड, त्यामागे चर्चचं रेशमी निशाण, त्यामागे पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, आणि मग सगळं गाव. निशाण एखाद्या खोलीच्या भिंतीएवढं. दोन माणसं त्याच्या दोन काठ्या कमरेच्या चामडी पट्ट्याच्या खोबणीत रोवून चालत. पण एवढं मोठं कापड म्हणजे शीडच. ते वाऱ्याने पुढे किंवा मागे कोसळू नये म्हणून वरच्या आडव्या दांड्याला चार दोऱ्या बांधलेल्या असत. दोन पुढे ताणून धरायच्या, दोन मागे. मागच्या दोऱ्यांतली डावी दोरी एस्तेरबाईंची.

ती त्यांच्याकडे कशी आली ते त्या हसत सांगत. त्या नव्या आल्या तेव्हा त्यांना मिरवणुकीत कुठे उभं करावं हेच कोणाला समजेना. मुलींत शोभत नव्हत्या, बायकांच्या रांगेत ओळखीचं कोणी नव्हतं. शेवटी त्यांना मागे चालायला सांगितलं. चढावर वाऱ्याचा झोत आला, मागची दोरी धरलेल्या म्हाताऱ्याचा पाय घसरला, आणि निशाण पुढच्या दोऱ्या धरलेल्या मुलांवर झुकलं. एस्तेरबाईंनी साडीनिशी धावत जाऊन दोरी धरली आणि रस्त्यावर बसकण मारली. "पेशंट खाटेवरनं पडायला लागला की असंच करायचं. ओढायचं नाही, बसायचं. आपलं वजन आपलं काम करतं." पुढच्या वर्षी कोणी काही ठरवलं नाही, पण दोरी त्यांच्या हातात दिली गेली. ती पुढे अडतीस वर्षं त्यांच्याकडेच राहिली.

माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी मला त्यांच्या शेजारची उजवी दोरी धरायला सांगितलं. मी मागेपुढे पाहू लागलो. मी ख्रिस्ती नाही, लोक काय म्हणतील, आणि घरी काय सांगू, असं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "बाप्तिस्मा घे म्हणत नाही मी. दोरी धर म्हणते."

त्या दिवशी त्यांनी पांढरी साडी नेसली होती, तिच्या काठाला सेफ्टी पिना लावल्या होत्या आणि पायात डोंगरात चालायचे बूट होते. अडीच तास आम्ही चाललो. मला निशाणावरचं चित्र एकदाही दिसलं नाही, फक्त दोरी आणि समोरच्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. चढ लागला की त्या मला हळूच सांगत, "डावीकडचा पायाळू आहे, माझ्याच हातचा. तो आधी दमणार. सैल सोडू नको."

त्या गावाची एक रीत होती. मागच्या वॉकनंतर ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरासमोर मिरवणूक थांबे. घरातली माणसं दारात येऊन उभी राहत. बँड त्या गेलेल्या माणसाचं गीत वाजवी, लोक गात, मग ढोलावर तीन टोले पडत आणि सगळे पुढे निघत. त्या वर्षी तीन दारं होती. प्रत्येक दारी वेगळं गीत. मी बाईंना विचारलं, कोणाचं कुठलं हे कसं कळतं. त्या म्हणाल्या, चर्चच्या मागच्या खोलीत एक जाड वही आहे. चर्चमध्ये दाखल होताना प्रत्येकाने तीत आपलं नाव आणि गीताच्या पुस्तकातला आकडा लिहायचा. एकदा लिहिलं की खोडायचं नाही. मी विचारलं, तुमचा कुठला. त्यांनी नुसती दोरी ताणली.

त्या हिवाळ्यात त्या दमू लागल्या. एका रविवारी त्यांनी मोजा खाली सरकवून घोट्यावर अंगठा दाबला आणि मला दाखवलं. "बघ, खड्डा पडतोय. भरून यायला वेळ लागतोय. हृदय दमलंय." जणू दुसऱ्याच कोणाचा पाय होता. डॉक्टरांनी आठवड्यानंतर तेच सांगितलं. जानेवारीपासून त्यांचं बाहेर जाणं बंद झालं.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली, आणि वहीचं सांगितलं. चर्चमध्ये दाखल झाल्या तेव्हा त्यांनी वहीत एकशे त्र्याहत्तर लिहिलं होतं. हा आकडा लहानपणापासून त्यांना पाठ होता, पण तो नगरच्या मराठी गीतांच्या पुस्तकातला. आमची पुस्तकं साहेबांनीच आणली, तेव्हा साहेबांच्या देशात आकडे तेच असणार, असं त्यांना वाटलं. दोन-तीन रविवारांनी इंग्रजी पुस्तक उघडून बघितलं तर एकशे त्र्याहत्तरवर नाताळचं गीत.

"माझ्या दारात जूनमध्ये नाताळ वाजवतील रे," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की खोकला आला.

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, "औषधाचा डोस मोजणारी बाई मी. नर्सनं आकडा चुकवला, हे कुणाच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. आणि दुसऱ्यासाठी मागायला मला तोंड आहे, स्वतःसाठी नाही."

ते गीत त्यांचे वडील म्हणत. वडील मिशन हॉस्पिटलच्या फाटकावर राखणदार होते. संध्याकाळी टाळ घेऊन कंपाउंडातल्या पायरीवर बसत, आणि भजनासारख्या चालीत गात. ती चाल इंग्रजी पुस्तकात असणं शक्यच नव्हतं. म्हणून एस्तेरबाईंनी एक उपाय काढला होता. बँडमास्टर रॉय हा धंद्याने प्लंबर, त्यांच्या गल्लीतच राहणारा. तो ऐकलेली कुठलीही चाल कागदावर उतरवून घेई. मी त्याला घेऊन यायचं, बाईंनी गायचं, त्याने लिहून घ्यायचं.

"आत्ता थोडं ऐकून ठेव," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. आवाज पातळ होता, पण सूर धरून होता. शेवटचं अक्षर त्यांनी लांबवलं, खाली आणलं, आणि मग खोकल्याने त्या थांबल्या. "पुढचं रॉयला आणशील तेव्हा. दोघं एकदमच ऐका. मला दोनदा जमायचं नाही."

मी रॉयला आणलं नाही.

कारण सांगायला गेलं तर हास्यास्पद आहे. त्याची पांढरी व्हॅन रोज गल्लीत उभी असे. मी बस पकडायला जाताना मनात इंग्रजी वाक्य जुळवी, एक्स्क्यूज मी, सिस्टर साळवे वुड लाइक, आणि व्हॅनपर्यंत पोचलो की पुढे निघून जाई. त्याची बोली मला अर्धीच कळे. त्याने काही विचारलं आणि मला समजलं नाही तर, अशी भीती वाटे. मग शुक्रवारची टेस्ट झाल्यावर विचारू असं ठरवलं. टेस्ट झाली. मग प्रोजेक्टचा रिपोर्ट आला. बाईंनी दोनदा विचारलं, रॉय भेटला का. दोन्ही वेळा मी म्हणालो, तो कामात आहे.

"खरंय," त्या म्हणाल्या. "थंडीत पाइप फुटतात. प्लंबरला हिवाळ्यात कुठली सवड."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आईच्या गोळीबद्दल खोटं कसं पकडायचं हे मला शिकवणाऱ्या बाईंनी मला पुढचा प्रश्न विचारला नाही. मला वाटतं, कदाचित त्यांनी मुद्दामच विचारला नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना इस्पितळात नेलं, आणि मंगळवारी दुपारी त्या गेल्या. मी तेव्हा वर्गात होतो.

मे महिन्यात रॉयने मला बसस्टॉपवर गाठलं. वॉकच्या तालमी सुरू झाल्या होत्या. सिस्टरच्या नावापुढे वहीत नाताळचं गीत आहे, बँडवाले बुचकळ्यात पडलेत, तुला काही माहीत आहे का, असं त्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. आकड्याचं, वडिलांचं, आणि मी त्याच्या व्हॅनवरून रोज जात होतो त्याचंही. माझं इंग्रजी जागोजागी अडत होतं, पण तो थांबून राहिला. मग तो एवढंच म्हणाला, "मी सगळा फेब्रुवारी घरीच होतो, लॅड. पाठ धरली होती." त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी ती पहिली ओळ गायलो. मी आयुष्यात कोणासमोर गायलो नव्हतो. त्याने कॉर्नेट, बँडमधलं ते छोटं तुतारीसारखं वाद्य, काढलं, सूर शोधले, मला परत परत म्हणायला लावलं. शेवटचं अक्षर खाली येतं तिथे तो चार वेळा चुकला, आणि पाचव्यांदा ते अगदी बाईंसारखं उतरलं. "आणि पुढे?" त्याने पेन्सिल धरून विचारलं. पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी घरी फोन केला. वडिलांनी कधी चर्चच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. ते रजा टाकून नगरला गेले, आकडा सांगून माणसं शोधली, आणि एका वयस्कर गृहस्थांना घेऊन एसटीडी बूथवर आले. गृहस्थांनी मला फोनवरून सगळं गीत म्हणून दाखवलं. पहिल्या ओळीचे शब्द तेच होते. चाल नवी होती, टाळ्यांची, जलद. जुन्या चालीत आता कोणी म्हणत नाही, आणि त्यांनाही ती आठवत नाही, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी फोन घेतला. "हेच का रे?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "म्हातारीनं तुझ्यावर सोपवलं होतं होय."

नवी चाल मी रॉयला ऐकवली. ती पूर्ण होती, बँडला सोपी होती, आणि गावात कोणालाच फरक कळला नसता. रॉयने मला सरळ विचारलं, ही तिची आहे का. हो म्हणणं फार सोपं होतं. मी म्हणालो, नाही.

"मग नको," तो म्हणाला. "जेवढी तिची आहे तेवढी वाजवू." वहीत लिहिलेलं बदलत नाहीत, असं चर्चमधल्या काहींनी म्हटलं. त्यांच्याशी रॉयच बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही.

त्या वर्षी दोनच दारं होती. दुसरं एस्तेरबाईंचं. त्यांच्या घरी कोणी नव्हतं, म्हणून शेजारणीने दार उघडून ठेवलं होतं आणि कोणीतरी उंबऱ्यावर खुर्ची मांडली होती. मिरवणूक थांबली. रॉयने आधी एकट्याने कॉर्नेटवर ती ओळ वाजवली. मग सगळ्या बँडने तीच ओळ वाजवली, हळू, खालच्या सुरात. नगरच्या एका फाटकावरच्या राखणदाराने म्हटलेली ती चाल त्या दगडी घरांमधून वर गेली, शेवटचं अक्षर लांबलं, खाली आलं आणि थांबलं.

लोक तसेच उभे राहिले. आता पुढची ओळ येईल म्हणून सगळे वाट बघत होते. लहान मुलंही हलली नाहीत. ढोलवाल्याने काठ्या उचलल्या होत्या, पण रॉयने त्याला हाताने थांबवलं. किती वेळ गेला सांगता येत नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती. तिची चारही मुलं एस्तेरबाईंच्या हातची. तिने माझ्या कोटाची बाही हलकेच ओढली आणि विचारलं, हे फार सुंदर आहे, लव्ह, पुढे कसं आहे?

मी तिला सांगितलं, पुढचं मी ऐकून घेतलं नाही.